एक्स्चेंजच्या नावाखाली चाललेली एकतर्फी खायवाडी

क्रिकेट सट्ट्याच्या साइटवरच्या आयडी (म्हणजे खाती) वाटणारे एजंट एक वाक्य हमखास ऐकवतात. "भाऊ, हे बुकीचं नाही, एक्स्चेंज आहे. समोर दुसरा गिऱ्हाईक राहते, सौदे मशीनच जुळवते." माझे पैसे गेले ते या वाक्याच्या भरवशावर. हरण्याजिंकण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्या मशीनबद्दल. ज्यांच्या मोबाइलवर असली आयडी अजून चालू आहे त्यांनी पुढचं जरा सावकाश वाचा.

आधी खरं एक्स्चेंज कसं चालतं ते सांगतो, कारण नक्कल त्याचीच केलेली असते. इंग्लंडमध्ये २००० साली बेटफेअर सुरू झालं. तिथे कंपनी स्वतः बुकी नसते. एक माणूस लगवाडी करतो, म्हणजे संघ जिंकेल यावर पैसे लावतो, दुसरा त्याच भावाला खायवाडी करतो, म्हणजे तो जिंकणार नाही असं धरून समोरचा सौदा घेतो, आणि संगणक दोघांची गाठ घालून देतो. चांगला भाव देणारा आधी. भाव सारखाच असेल तर ज्याचा सौदा आधी आला तो आधी. कंपनी जिंकणाऱ्याच्या नफ्यातून कमिशन घेते, त्यामुळे मुंबई जिंकली काय किंवा चेन्नई, तिला फरक पडत नाही. सामना चालू असताना सौदा काही सेकंद थांबवून ठेवतात, म्हणजे मैदानात बसलेल्याला टीव्हीवर उशिरा बघणाऱ्यांना आयतं लुटता येऊ नये. ही थांबायची वेळ सगळ्यांना सारखी असते, आणि तेवढ्यात भाव तुमच्या बाजूने सुधारला तर तुम्हाला सुधारलेला भाव मिळतो.

तिथेही सगळं सोवळ्यातलं आहे असं नाही. २८ डिसेंबर २०११ ला आयर्लंडमधल्या लेपर्ड्सटाउनच्या शर्यतीत वोलेर ला वेदेत नावाची घोडी जिंकत असताना एका ग्राहकाचा स्वयंचलित प्रोग्राम तिच्यावर २८ ला १ (एक लावला तर २८ नफा) असा भाव देत सुटला होता. लोकांनी अर्थातच तो घेतला. कंपनीने शर्यत चालू असतानाचे ते सौदे नंतर रद्द केले आणि खूप शिव्या खाल्ल्या. पण त्या गोंधळात सौद्याच्या दुसऱ्या बाजूला निदान कुणीतरी होतं.

आता माझ्या आयडीकडे येतो. स्क्रीन हुबेहूब तशीच. निळा रकाना लगवाडीचा, गुलाबी खायवाडीचा, भाव क्षणाक्षणाला हलणारा. भावही खरेच असायचे, कारण ते बाहेरच्या एक्स्चेंजवरून उचललेले असतात. इथेच भलेभले फसतात. आकडे खरे दिसले की त्यामागचा व्यवहारही खरा वाटायला लागतो.

आयपीएलचा सामना चालू आहे, मुंबईचा भाव १.८० आहे असं धरा. मी १०,००० लावले, म्हणजे जिंकलो तर ८,००० नफा. सौदा टाकला की स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं. तेवढ्यात मुंबईच्या बॅट्समनने चौकार मारला आणि भाव १.६५ वर आला, तर उत्तर यायचं, 'रेट बदलला, सौदा रद्द'. आणि चौकाराऐवजी विकेट पडून भाव २.१० झाला, तर? सौदा मंजूर, आणि तोही १.८० लाच! बाजारात त्या क्षणी १०,००० ला ११,००० मिळत होते, माझ्या पदरात ८,००० वाला सौदा. एकदा झालं तर नशीब म्हणता येईल. मी स्टेटमेंट काढलं आणि बॉल-बाय-बॉल कॉमेंट्री शेजारी ठेवून ताडून पाहत बसलो. रद्द झालेले सौदे जवळपास सगळे माझ्या फायद्याचे होते, मंजूर झालेल्यांत तोट्याचेच भरमसाट.

एजंटला विचारलं. "ऑटोमॅटिक आहे ना भाऊ, त्यात आपला हात कुठे राहते? तुमचं नेट स्लो असंल."

नेट. बरं.

मग माझ्या एका मित्राला घेऊन बसलो. त्याची आयडी त्याच एजंटची, त्याच साइटची. स्क्रीनवर लगवाडी १.८०, खायवाडी १.८२ दिसत होती. मित्राने मधल्या भावाला, १.८१ ला, खायवाडी टाकली. खरं एक्स्चेंज असतं तर माझ्या निळ्या रकान्यात लगेच १.८१ उमटायला हवं होतं, कारण आता तो भाव द्यायला एक माणूस तयार होता. काहीच उमटलं नाही. मग मी १.८१ ला तेवढ्याच रकमेची लगवाडी टाकली. एकाच भावाचे, एकाच रकमेचे, एकमेकांच्या बरोबर उलटे दोन सौदे एकाच साइटवर 'पेंडिंग' म्हणून पडून राहिले. सामने बदलून, रकमा बदलून पाहिलं, तेच. ज्या मशीनला शेजारीशेजारी बसलेले दोन गिऱ्हाईक जुळवता येत नाहीत ती जुळवते तरी काय? काहीच नाही. प्रत्येक सौदा वर बसलेल्या माणसाशी होतो, आणि तो घ्यायचा की नाही हे तो माणूस, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर, चेंडू पडून गेल्यावर ठरवतं. कुणाला पडताळायचं असेल तर यासाठी हजारो रुपये लागत नाहीत, सगळ्यात लहान सौदा पुरतो.

ही युक्ती सट्टेवाल्यांनी शोधलेली नाही. परकीय चलनाच्या बाजारात तिला 'लास्ट लुक' म्हणतात. ग्राहकाने भाव स्वीकारल्यावरही बँक क्षणभर थांबते, भाव कुठे सरकतोय ते बघते आणि मग हो किंवा नाही म्हणते. याच्या गैरवापरासाठी न्यूयॉर्कच्या नियामकाने नोव्हेंबर २०१५ मध्ये बार्कलेज बँकेला १५ कोटी डॉलरचा दंड ठोकला होता. फरक एवढाच की तिथे दंड करायला कुणीतरी होतं.

पुढे एजंटगिरी सोडलेल्या एकाने त्याचं जुनं पॅनेल, म्हणजे एजंटांना आतून दिसणारी स्क्रीन, दाखवलं. वर सुपर मास्टर, खाली मास्टर, त्याखाली एजंट, तळाला आपण. प्रत्येकाच्या नावापुढे हिश्शाची टक्केवारी. गिऱ्हाईक हरला की ती रक्कम या टक्केवारीने वर वर वाटली जाते. म्हणजे जो एजंट "मी तर फक्त आयडी देतो" म्हणतो, त्याचा तुमच्या हरण्यात ठरलेला वाटा असतो. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकासाठी सौदा किती सेकंद थांबवायचा, कुणाचा सौदा बंद ठेवायचा, याची वेगवेगळी बटणं. सतत जिंकणाऱ्याचे सेकंद वाढवायचे, असं तो चहा पिता पिता सांगत होता. त्यातूनही कुणी मोठं जिंकलंच, तर 'एरर रेट', म्हणजे भाव चुकून लागला होता, असं म्हणून सौदा उडवायची सोय आहेच.

विदर्भातल्या लोकांना २०२३ चं प्रकरण आठवत असेल. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन सट्ट्यात ५८ कोटी गेल्याची तक्रार दिली आणि पोलिसांनी गोंदियातल्या बुकीच्या घरावर छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि सोनं-चांदी काढलं. त्या व्यापाऱ्याचा आरोपही हाच होता, की ॲपच आतून फिरवलेलं होतं. माझी रक्कम त्यापुढे चिल्लर, आणि चिल्लरवाल्यांसाठी छापे पडत नाहीत.

तक्रार मात्र मी केली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैशांचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. त्यामुळे तक्रार द्यायला घाबरू नका, पण जाण्याआधी वकिलाला विचारा, कारण आपल्याकडचा जुगाराचा १८८७ चा जुना कायदा वेगळा आहे. स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, ज्या खात्यांवर पैसे पाठवले त्यांचे नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. तक्रारीचा वास लागला की आयडी बंद होते आणि आतलं सगळं दिसेनासं होतं. माझी त्याच संध्याकाळी बंद झाली.

आणखी एक गोष्ट, जी एजंट कधीच सांगत नाहीत. पैसे भरायला ते दरवेळी नव्या माणसाचं खातं देतात, आणि जिंकलेले पैसेही असल्याच कुठल्यातरी खात्यातून येतात. मला सुरुवातीला मिळालेली एक छोटी रक्कम ज्या खात्यातून आली होती, ते दुसऱ्या राज्यातल्या एका फसवणुकीच्या गुन्ह्यात निघालं. बँकेने माझ्या पगाराच्या खात्यातली तेवढी रक्कम गोठवली. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, आणि तो गुन्हा जिथे नोंदवलाय ते पोलीस ठाणं फोनवर म्हणतं, तपास अधिकारी बदलले, स्वतः येऊन भेटा.