'११ फुटी' हॅमॉक मागवताय? आधी हे वाचा

तंबूऐवजी हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायच्या कापडी झोळीत, झोपायचं बरेच दिवस मनात होतं. जाहिरातीत लिहिलं होतं: लांबी ११ फूट, क्षमता २०० किलो, थंडीसाठी अंडरक्विल्ट (पाठीला खालून ऊब देणारं पांघरूण) सोबत. फोटोत एक जण पाठ जवळजवळ सपाट टेकून ऐसपैस झोपलेला. पार्सल आलं, मी रंग बघितला आणि पुन्हा पिशवीत भरून ठेवलं. ट्रिपला महिना होता आणि परतीची मुदत १० दिवसांची. माझं नुकसान तिथेच झालं.

११ फूट हा आकडा मी मुद्दाम शोधला होता. हॅमॉकमध्ये सरळ झोपलं की पाठ धनुष्यासारखी वाकते. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला असं तिरकं पडलं तरच ती सपाट होते, आणि त्यासाठी कापड लांब लागतं. रानात तिरका झालो तर कडा खांदे आवळायच्या, पाय घसरून मधे यायचे, गुडघे उलटे ताणले जायचे. झोळ कमी करावा म्हणून मी झाडांना बांधलेले पट्टे खेचले.

तिथे माझंही चुकलं. पट्टे आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांत असले तर प्रत्येक बाजूला आपल्या वजनाइतकाच ताण येतो. १० अंशांवर तो जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाचे, हॅमॉक पट्ट्याला अडकवणाऱ्या एकेका हुकावर २०० किलो. रात्री दोनच्या सुमारास डोक्याकडचा हुक उघडला आणि मी पाठीवर आपटलो. हॅमॉक खुर्चीच्या उंचीवरच बांधला होता म्हणून निभावलं. टॉर्चच्या उजेडात तो हुक बघितला: तोंड सरळ झालेलं, आणि अंगावर भाराचा एकही आकडा नाही. गिर्यारोहणाच्या खऱ्या कॅरॅबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर, तो किलोन्यूटन या बळाच्या एककात कोरलेला असतो.

थंडीचं तर विचारूच नका. अंडरक्विल्ट कापडाच्या बाहेरून, खाली लटकवायचं असतं; आत घातलं की अंगाच्या वजनाने दबतं आणि ऊब राहत नाही. स्लीपिंग बॅगचंही पाठीखाली तेच होतं. मला अंडरक्विल्ट म्हणून मिळाली होती आत अंथरायची एक पातळ चादर. आपटायच्या आधीच पाठ गारठली होती.

घरी येऊन टेप लावली. कापड साडेआठ फूट. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, "लांबी दोरीसकट दिली आहे." हुकाबद्दल, "वापर चुकीचा झाला." पैशांबद्दल, "मुदत संपली." मग फोटो मोठा करून पाहिला, तर त्यातल्या हॅमॉकची शिवणच वेगळी. तो माझ्याकडे आलेला मालच नव्हे.

तुम्ही घेणार असाल तर नुसत्या कापडाची लांबी लेखी मागा. पार्सल येईल त्याच दिवशी टेप लावा, हुक तपासा, आणि घराजवळच बांधून एक अख्खी रात्र त्यात झोपून बघा, परतीची मुदत संपायच्या आत.

माझी तक्रार अजून पडून आहे. जाहिरात काल पुन्हा पाहिली. तोच फोटो, लांबी ११ फूट.