युरोपच्या सहलीला रोमिंग पॅक, तिथलं सिम की ई-सिम?

मागच्या मे महिन्यात आईबाबा अकरा दिवसांची युरोप सहल करून आले आणि पंधरवड्यात बाबांच्या पोस्टपेड नंबरचं बिल हातात पडलं: चौदा हजारांच्या वर. रोमिंग पॅक घेतला होता, पण तो दहा दिवसांचा. अकराव्या दिवशी परतीच्या विमानाची वाट बघत बाबा बसले होते आणि खिशातला फोन सहलीतले फोटो क्लाउडवर चढवत होता.

तपशीलवार बिल मागवलं तेव्हा कळलं की पॅक नसताना आकारणी दहा केबीच्या हिशोबाने होते. दहा केबीला एकच रुपया धरला तरी तीन एमबीचा एक फोटो तीनशे रुपयांना पडतो. बाबांनी तर साठेक फोटो काढले होते स्वित्झर्लंडच्या एकट्या टिटलिस डोंगरावर.

यंदा मावशी आणि काका त्याच सहलीला निघाले, म्हणून तिन्ही पर्याय मी नीट पडताळून पाहिले.

ज्येष्ठांसाठी माझं मत अजूनही आपल्या कंपनीच्या रोमिंग पॅककडेच झुकतं. नंबर तोच राहतो, बँकेचा ओटीपी येतो, टूर मॅनेजरचा फोन लागतो आणि सिम काढघालीचा प्रश्नच नाही. तिथल्या सिमपेक्षा तो बहुतेकदा महाग पडतो, हे खरं. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. यादीत आपले सगळे देश आहेत का? दिवस कधीपासून मोजतात, पॅक घेतल्यापासून की परदेशातलं नेटवर्क पकडल्यापासून? आणि पॅक संपल्यावर इंटरनेट बंद होतं की साध्या दराने चालू राहतं? तिसरा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. सहलीपेक्षा दोन-तीन दिवस जास्तीचाच पॅक घ्या, विमान लांबलं तरी निभावतं. नंबर प्रीपेड असेल तर आणखी बरं: शिल्लक संपली की सेवा थांबते, मागून बिल येत नाही.

तिथलं सिम हा एकाच देशात लांब मुक्काम असणाऱ्यांचा पर्याय. लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीत चार महिने राहणार असाल तर दुसरा विचारच नको. पण ग्रुप टूरमध्ये सिमसाठी पासपोर्ट घेऊन रांगेत कोण उभं राहणार? बस थांबत नाही. शिवाय एक मोठी अडचण आहे. युरोपियन युनियनमध्ये 15 जून 2017 पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने वापरता येतं. स्वित्झर्लंड मात्र युनियनमध्ये नाही. पॅरिसला घेतलेलं सिम ल्युसर्नमध्ये चालेलच असं नाही, किंवा चालेल आणि शिल्लक खाऊन टाकेल. आपल्याकडच्या बहुतेक युरोप सहली तर स्वित्झर्लंडवाचून पुऱ्याच होत नाहीत! त्यामुळे प्लॅनमध्ये स्वित्झर्लंडचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पैसे टाका.

ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, मला स्वतःसाठी सगळ्यात आवडतं. घरच्या वायफायवर आधीच बसवून ठेवायचं आणि उतरल्यावर चालू करायचं. फोन चालेल का हे बघायला *#06# दाबा. ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर तुमचा फोन ई-सिम घेतो. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर राहतं. पण प्रवासी ई-सिममध्ये बहुतेकदा नुसतं इंटरनेट असतं, फोन नंबर नसतो. ओटीपीसाठी भारतातलं सिमही चालू ठेवावं लागतं आणि धोका तिथेच आहे. भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा. आयफोन असेल तर मोबाइल डेटा आपोआप एका सिमवरून दुसऱ्यावर जाऊ देणारी सोयही बंद करा, नाहीतर भारतातलं सिम मधेच इंटरनेट ओढू शकतं. त्या सिमवर आलेला फोन उचलला तरी पैसे लागतात. एवढं सगळं ज्याला सांभाळता येईल त्यानेच ई-सिमच्या वाटेला जावं.

दुबईला जाणाऱ्यांचा हिशोब वेगळा. तिथे व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही, म्हणून नुसत्या इंटरनेटपेक्षा पॅकमध्ये बोलायची किती मिनिटं आहेत ते बघा. आणि क्रूझवर किंवा विमानात फोन फ्लाइट मोडवरच असू द्या. तिथलं नेटवर्क उपग्रहावरून येतं आणि साध्या पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं.

मावशीकाकांना शेवटी चौदा दिवसांचे पॅक घेऊन दिले. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर होईल असं दोन्ही फोनमध्ये करून ठेवलं.

बिल आधीच आलं असेल तर भरून गप्प बसू नका. कार्डावरून आपोआप पैसे कापले जात असतील तर आधी ते थांबवा. तपशीलवार बिल मागवा, पॅक सुरू झाल्याचे आणि संपल्याचे एसएमएस जपून ठेवा. तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्याच, पुढची सगळी वाट त्यावर आहे. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती भरून टाका आणि उरलेली अमान्य असल्याचं लेखी कळवा. पोस्टपेड नंबरला क्रेडिट मर्यादा असते, ती ओलांडताना सूचना कधी दिली हेही विचारा.

उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येतं. त्याला शुल्क नाही आणि निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

बाबांच्या पहिल्या तक्रारीला "आकारणी योग्य आहे" एवढंच एका ओळीचं उत्तर आलं होतं. अपिलात आम्ही एकच मुद्दा धरला: पॅक संपल्याचा एसएमएस इंटरनेट वापरून झाल्यावर पोचला, आणि इंटरनेट वापरल्याची वेळ बिलावर, एसएमएसची वेळ फोनवर दिसत होती. निम्म्याहून जास्त रक्कम पुढच्या बिलात वजा झाली.