पाकिटावरचा पत्ता: हळदीच्या धंद्यात डोमेनचे तेरा महिने

आधी खर्चाचं सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, ज्या नावानं आपली वेबसाइट उघडते. तसं शेवटी 'डॉट इन' असलेलं एक नाव घेतलं. पहिल्या वर्षाला ४४९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. दुसऱ्या वर्षाला त्याच नावाचे ८९९. घेताना पहिलाच आकडा ठळक दिसतो, दुसरा खाली बारीक अक्षरात असतो, तो आधी वाचा. आमच्या दरानं हिशेब केला तर वर्षाला तीन किलो हळद त्यात जाते.

या तीन किलो हळदीनं नवीन गिऱ्हाईक आणलं का? जवळजवळ नाहीच. तरी मी ते पुन्हा घेतलं.

आम्ही वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले, गिरडकडचे. दीड एकर हळद आहे. काढणं, शिजवणं, वाळवणं, पॉलिश सगळं घरी. दळण तेवढं गावातल्या चक्कीवर. पाव किलो आणि अर्धा किलोची पाकिटं करून चार वर्षांपासून विकून राहिलो. घेणारे बहुतेक इकडलेच, पण नोकरीसाठी नागपूर, पुणे, ठाण्याला गेलेले, आणि मग त्यांचे शेजारी. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयनं, माल कुरिअरनं. यात वेबसाइट कुठे लागते, हे मलाही कळत नव्हतं. नागपूरला शिकणारा भाचा तर स्पष्टच म्हणाला, "मामी, आता नाव कोण टाइप करते? सगळे तं मोबाइलवरच येते." सासूबाईंचं म्हणणं त्याहून सोपं होतं: "हळदवाल्याइचं घर म्हणलं का गावातलं पोट्टंबी दारापोतर आणून सोडते. पत्ता कायले पाह्यजे?"

दोघंही बरोबर होते, दोन वर्षांआधीपर्यंत.

तेव्हा आमचं एका मोठ्या समाजमाध्यमावर पान होतं. हळद शिजतानाचे व्हिडिओ टाकायचो, लोकांना आवडायचे. त्याच भरवशावर छापील पाकिटं केली आणि मागच्या बाजूला त्या पानाचं नाव टाकलं. हे काम करणाऱ्यांनाच ठाऊक असते की छापील पाकीट पाच-पन्नास नग मिळत नाही. रंगागणिक छपाईचा वेगळा सिलिंडर बनतो, त्याचा खर्च वेगळा, आणि मग हजारांच्या हिशेबात माल घ्यावा लागतो. आम्ही पाच हजार घेतले. दीड हजार वापरले असतील, आणि एका सकाळी पान बंद. नियमभंग झाला एवढंच लिहिलेलं; कोणता नियम, कोणत्या फोटोत, काही नाही. अर्ज केले, ओळखपत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. उरलेल्या साडेतीन हजार पाकिटांवर, जिथं कोणी राहत नाही अशा घराचा पत्ता. भाच्यानं आणि मी दिवाळीच्या सुट्टीत बसून एकेका पाकिटावर स्टिकर चिकटवले. डोमेनचा विचार तिथं सुरू झाला, कोणत्या भाषणातून नाही.

खरं तर त्याआधीही आमचं एक डोमेन होऊन गेलं होतं. तालुक्याच्या ठिकाणच्या एका पोरानं चार हजारांत "वेबसाइट सकट सगळं" करून दिलं. नाव त्यानं स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. तो पुण्याला नोकरीला लागला, मुदत संपत आल्याचे ईमेल त्याला येत राहिले, आम्हाला काही पत्ता नाही. मुदत संपली की नाव लगेच जात नाही. डॉट कॉमचं सांगायचं तर आधी थोडी सवलतीची मुदत मिळते, मग ३० दिवस दंड भरून सोडवता येते, आणि मग ते मोकळं होऊन कोणालाही मिळते. आम्हाला कळलं तेव्हा तिन्ही पायऱ्या उतरून झालं होतं. पोराचा हेतू वाईट नव्हता. पण वावर विकत घेताना सातबारा पाहणारे आम्ही, इथं नाव कोणाच्या नावावर आहे ते विचारलंच नाही.

म्हणून या वेळी सगळं स्वतः केलं. खातं माझं, ईमेल माझा, मोबाइल नंबर माझा. अर्धा तास लागला, त्यातला वीस मिनिटं जोडीला विकत असलेल्या वस्तूंना नाही म्हणण्यात गेली. एसएसएल प्रमाणपत्राचे, म्हणजे साइट सुरक्षित आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या दाखल्याचे, वेगळे पैसे मागत होते. ते 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून फुकट मिळते आणि बहुतेक होस्टिंगवाले, म्हणजे साइट ठेवायला जागा देणारे, आपसूकच लावून देतात. भाच्याचा हट्ट होता की डॉट एआय घेऊ, शोभून दिसते. ते कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला नावाच्या बेटाचं अक्षर आहे, कमीत कमी दोन वर्षांसाठी घ्यावं लागते आणि महाग. आमच्या हळदीचं त्या बेटाशी काय नातं?

नाव ठरवण्यात मात्र आठवडा गेला. हा भाग मराठी माणसानं नीट वाचावा. 'ळ' रोमन लिपीत नाही. हळद लिहायची तर कोणी 'एच-ए-एल-ए-डी' करतो, कोणी मधला 'ए' गाळतो, आणि पुण्या-मुंबईचा माणूस सवयीनं 'हल्दी' टाइप करतो. मला 'वायगाव', म्हणजे आमच्याकडच्या हळदीचं ओळखीचं नाव, घालायचं होतं. मोजून पाहिलं: 'वा'ला डब्ल्यू की व्ही, 'य'ला आय की वाय, 'गाव'ला 'गाओन' की 'गाव'. सरळ आठ प्रकार होतात, आणि फोनवर सांगताना आठही ऐकू येतात. शिवाय वायगाव हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे ते नाव मालावर लावायचा हक्क नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्यांचा. आमची नोंद अजून व्हायची आहे, म्हणून डोमेनमध्ये ते घातलं नाही. शेवटी सासूबाईंचं माहेरचं नाव घेतलं, पाच अक्षरांचं, ज्याचं स्पेलिंग एकच होते. त्या महिनाभर खुश होत्या. विचार करून राहिले असाल तर माझा सल्ला: नाव पक्कं करण्याआधी चार जणांना फोन करा, नाव एकदाच सांगा आणि त्यांना लिहायला लावा. दोघांनी चुकवलं तर ते नाव सोडा.

डॉट भारतही घेऊन पाहिलं, हौस म्हणून. देवनागरीतलं हे डोमेन २०१४ पासून मिळते आणि मराठीही त्यात आहे. पाकिटावर सुरेख दिसते, वाद नाही. पण ब्राउझरमधून कॉपी करून कोणाला पाठवलं की पुष्कळदा 'एक्सएन', मग दोन आडव्या रेघा आणि पुढे अगम्य रोमन अक्षरं असा अवतार होते, कारण आतून यंत्रणा अजून रोमन अक्षरांवरच चालते. एका ताईंनी ते पाहून विचारलं, "हा व्हायरस तर नाही ना?" आणि त्यावरचा ईमेल पत्ता तर अर्धे फॉर्म घेतच नाहीत. वर्ष झालं, सोडून दिलं. याचं वाईट वाटते, पण खोटं कशाला लिहू.

नाव घेतल्यावर दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू झाले. "मॅडम, आपने डोमेन लिया है, वेबसाइट बनवानी है?" आठवडाभरात वीस-बावीस तरी. नोंदणीला दिलेला नंबर कुठून कुठे पोचतो कोण जाणे. हळद काढणीच्या दिवसांत, हात मातीचे असताना, हे फोन घेणं म्हणजे डोक्याला ताप. जमलं तर यासाठी वेगळं सिम ठेवा.

आता उपयोगाचं. साइट म्हणजे एकच पान आहे: आम्ही कोण, हळद कशी होते, दर, एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) नंबर, परत घेण्याचा नियम, आणि खाली व्हॉट्सॲपचं बटण. पाकिटावर क्यूआर आहे, तो या पानावर जातो. खरी गंमत इथं आहे. क्यूआरमध्ये आमचाच पत्ता असल्यानं त्यामागे काय दाखवायचं ते मी घरी बसून बदलते. पावसाळ्यात माल संपला तेव्हा "नवीन हळद मार्चमध्ये, नाव नोंदवा" असं टाकलं. व्हॉट्सॲपचा नंबर मध्यंतरी बदलला, पाकीट तेच राहिलं. सिलिंडरला हात लावावा लागला नाही. नुसत्या या एका गोष्टीत वर्षाचे पैसे वसूल झाले असं मी धरते.

वहीत कोणती ऑर्डर कुठून आली ते लिहिते. दहातल्या सात अजूनही ओळखीतून, व्हॉट्सॲपवर. दोन क्यूआरवरून, म्हणजे एकदा घेतलेले किंवा त्यांच्या स्वयंपाकघरात पाकीट पाहिलेले. एखादी गूगलवरून. पत्ता हातानं टाइप करून आलेला माणूस तेरा महिन्यांत बोटावर मोजण्याइतका. भाचा जिंकला म्हणायचं. पण क्यूआरवाले ते दोन हातून गेले असते, स्टिकरवाल्या वर्षात गेलेच होते.

ईमेलचा अनुभव मिश्र. नागपूरच्या एका खानावळवाल्यांना कोटेशन हवं होतं, ते डोमेनच्या पत्त्यावरून पाठवलं. त्यांच्या स्पॅममध्ये गेलं. मग कळलं की डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम नावाच्या नोंदी कराव्या लागतात, म्हणजे समोरच्या सर्व्हरला पटते की पत्र खरंच आपल्याकडून आलं. भाच्यानं रात्री बसून केल्या, त्यानंतरची पत्रं पोचून राहिली. खानावळवाले अजून दर महिन्याला पाच किलो नेतात. पेमेंट गेटवेसाठी, म्हणजे साइटवरच पैसे घेण्याच्या सोयीसाठी, अर्ज केला तेव्हाही पहिला प्रश्न वेबसाइटचाच होता, आणि परताव्याचा नियम पानावर नाही म्हणून एकदा अर्ज परतही आला.

ऑगस्टमध्ये कोणीतरी आमचे फोटो उचलून दुसऱ्या नंबरवरून हळद विकायला काढली. आमचीच समजून घेणाऱ्या दोघींचे पैसे बुडाले. मी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना एकच निरोप पाठवला: पाकिटावर छापलेल्या पत्त्यावर जो नंबर दिसते तोच आमचा. सांगायला एक ठिकाण होतं म्हणून सांगता आलं. नाव चोरणाऱ्यावर कायदाही आहे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट खटल्यात २००४ मध्येच सुप्रीम कोर्टानं डोमेनच्या नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकते असं म्हटलं. पण एका हंगामाच्या नफ्यातून वकील उभा करायचा म्हणजे पुढच्या बेण्याचे पैसे त्यात घालायचे. तो नंबर पोलिसांना कळवला आणि थांबलो.

त्याच सुमारास आमच्या बँकेच्या वेबसाइटचा पत्ता बदलून शेवटी डॉट बँक डॉट इन झाला. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, आणि हे नाव बँकांशिवाय कोणाला मिळत नाही. मी ते भाच्याला दाखवलं: बँकासुद्धा फसवणूक थोपवायला शेवटी नावाकडेच आल्या ना? तो म्हणाला, "मामी, तू आता हे पाकिटावरबी छापशीन."

कमतरता सांगायची तर मोठी एकच. हे नाव आपल्या मालकीचं होत नाही. सातबारा नाही हा, मक्त्यानं केलेलं वावर आहे. मक्ता भरला तर पेरायचं, नाही तर दुसरा उभाच आहे. एकदम दहा वर्षांपर्यंत भरता येते, त्याहून जास्त नाही. आपोआप पैसे कापायची सोय मी लावली होती, पण कार्ड बदललं आणि ती निकामी झाली. वेळेवर पाहिलं म्हणून वाचलो.

तर यंदा पाडव्याला, सालगड्याचं साल ठरवून झाल्यावर, त्याच बैठकीत तीन वर्षांचे पैसे भरून टाकले. गडी हसत होता की मोबाइललाही साल असते काय. स्टिकर लावलेल्या पाकिटांचा शेवटचा गठ्ठा मागच्या महिन्यात संपला. नवीन पाच हजार नागपूरला छापून राहिली आहेत, आणि पत्ता या वेळी मागच्या बाजूला नाही, सासूबाईंच्या माहेरच्या नावाखालीच मोठ्या अक्षरात टाकायला सांगितला आहे.