कोलोस्टॉमी बॅग: वन-पीस घ्यावी की टू-पीस?

कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढतात; त्या तोंडाला स्टोमा म्हणतात आणि मळ बॅगेत जमा होतो. दवाखान्यातून दिलेल्या बॅगा संपत आल्या की सर्जिकल दुकानात हाच प्रश्न समोर येतो. किंमत विचारण्याआधी एक हिशोब करा: आठवड्यातून किती वेळा बॅगेची चिकट चकती कातडीवरून सोलून काढावी लागणार? स्टोमाभोवतीची कातडी धड असेल तर कोणतीही बॅग चिकटते. ती ओली, सोललेली असेल तर महागातली महागही गळते.

वन-पीसमध्ये चकती आणि पिशवी एकसंध असते. ती पातळ आणि लवचीक असल्यामुळे पोटाला वळ्या असतील किंवा स्टोमाजवळ हर्नियाचा फुगवटा असेल तर बहुधा तीच नीट बसते. बोटांत जोर नसलेल्यांनाही ती सोपी जाते, कारण काही जोडायचंच नसतं. पण पिशवी बदलली की चकतीही निघते. खालून उघडणारी असेल तर दोन-तीन दिवस चालते. बंद तळाची मात्र दिवसातून एकदा-दोनदा बदलावी लागते आणि नाजूक कातडीला ते सोसत नाही.

टू-पीसची चकती साधारण 3-4 दिवस अंगावर राहते आणि पिशवी तेवढी चकतीवरच्या रिंगवरून काढून नवी लावता येते. रिंगचं माप जुळलंच पाहिजे. एका कंपनीची चकती आणि दुसरीची पिशवी सहसा जमत नाही. लावताना पोटावर दाब पडतो, त्यामुळे ताज्या टाक्यांवर दुखतं. लावल्यावर पिशवी हलकेच ओढून बघा. रिंग अर्धवट बसली असेल तर तिथूनच गळतं.

पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हा हिशोब बदलतो. घामाने चकती दोन दिवसांतच सुटू लागली तर टू-पीसचा मुख्य फायदा निम्मा होतो. म्हणून एका बॅगेच्या किमतीला तुमच्या अंगावर ती खरोखर जितके दिवस टिकते त्या दिवसांनी भागा. बॅगा गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने चिकट थर मऊ पडतो.

ऑपरेशननंतर 6 ते 8 आठवडे सूज उतरत जाते आणि स्टोमा लहान होतो. या काळात चकतीचं भोक मापाने कापून घ्यायची, पारदर्शक बॅग घ्या, दर आठवड्याला माप घ्या आणि मोठा साठा करू नका. भोक स्टोमापेक्षा 2-3 मिलीमीटरच मोठं ठेवा. जास्त मोठं झालं तर मळ कातडीवर साचून ती भाजल्यासारखी होते. लहान झालं तर कडा स्टोमाला कापते आणि तिथे वेदना कळत नसल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

लावण्याची रीत दोन्हींची एकच. कोमट साध्या पाण्याने पुसा, पूर्ण कोरडं करा, चकती तळहातांत धरून ऊबदार करा आणि लावल्यावर मिनिटभर हात ठेवा. डेटॉल, स्पिरिट नको. खोबरेल तेल तर अजिबात नको; प्रेमाने लावलं जातं, पण त्यावर चकती धरत नाही. चकतीखाली लावायची पेस्ट हा गोंद नाही, कातडीवरची खाच भरण्यासाठी आहे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनाने चकती ओढली जाते.

जमलं तर दोन्हींचे नमुने मागून आठवडा-आठवडा वापरा. चकती काढल्यावर लाली फक्त भोकाभोवती असेल तर बहुधा माप चुकलंय. पूर्ण चकतीच्या आकाराची असेल तर तो चिकट थर सोसत नसावा. कंपनी बदलून बघा. स्टोमा लाल आणि ओलसर असायला हवा. जांभळा-काळा पडला, किंवा उलट्यांसोबत मळ थांबला, तर बॅगेचा विचार सोडून लगेच सर्जनकडे जा.