पालकांच्या गळ्यातलं स्टॉपवॉच: घ्यावं का?

दोन-तीन बटणं, शतांश सेकंदापर्यंतचा आकडा, मॉडेलप्रमाणे १० ते १०० लॅपची, म्हणजे शर्यतीतल्या टप्प्यांच्या वेळांची मेमरी. घड्याळ म्हणून या वस्तूत खोट नाही. शर्यतीपुरती क्वार्ट्झची चूक नगण्य असते. चूक असते ती बटण दाबणाऱ्या बोटाची.

१०० मीटरच्या शेवटच्या रेषेपाशी उभं राहून पिस्तुलाच्या आवाजावर बटण दाबलंत, तर आवाज पोचेपर्यंतच साधारण ०.२९ सेकंद गेलेले असतात. त्यात बोट हलायला लागणारे ०.२ सेकंद. थांबवताना मात्र मूल समोरून येताना दिसत असतं, त्यामुळे बोट उशीर करत नाही, उलट घाईच करतं. म्हणजे वेळ खरीपेक्षा अर्ध्या सेकंदाने 'चांगली' दिसू शकते. मग इलेक्ट्रॉनिक टायमिंगच्या, म्हणजे बोटाऐवजी यंत्र वेळ घेतं अशा स्पर्धेनंतर प्रश्न येतो, "सरावात १३.२, इथे १३.६ कसं?" पोरगं तेवढंच पळालेलं असतं, बोलणी मात्र खातं.

वापरायचंच तर पिस्तुलाच्या धुराकडे किंवा दिव्याकडे बघून चालू करा आणि छाती रेषेवर आली की बंद करा. डोकं किंवा पाय धरू नका. तिघांनी वेळ घेतली आणि तिन्ही वेगळ्या आल्या, तर मधली धरा. आकडा पुढच्या दशांशावर न्या: १३.४१ म्हणजे १३.५. धूर बघून घेतलेली १०० मीटरची वेळसुद्धा इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडताना तीत ०.२४ मिळवण्याचा प्रघात आहे. पोहण्यात २५ मीटरच्या तलावातली वेळ ५० मीटरच्या तलावातल्या वेळेशी ताडूच नका; लहान तलावात वळणं जास्त, म्हणून भिंतीला पाय मारून मिळणारा जोरही जास्त.

लॅपचं बटण पालकांच्या हाती सगळ्यात घातक. ४०० मीटरला दर शंभराला आकडा ओरडला की मूल मान वळवतं, पहिले शंभर नको तितके जोरात काढतं आणि शेवटच्या शंभरात पाय जड होतात.

उंची झपाट्याने वाढते त्या काळात वेळ काही महिने अडकू शकते, मागेही जाऊ शकते. अशा वेळी रोजचा आकडा मुलाच्या तोंडावर फेकून काहीच सुधारत नाही.

प्रशिक्षकाने जरूर घ्यावं. पालकांनी महिन्यातून एकदा, तेही प्रशिक्षकाने सांगितलं तरच. आणि घेताना 'बीप' बंद करता येणारं बघा. मुलांचे कान त्या आवाजाकडेच लागलेले असतात.