विधानसभेला मत पक्षाला द्यावं की उमेदवाराला?

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये ज्यांनी भाजप-शिवसेना युतीला मत दिलं, त्यांना महिन्याभरात उद्धव ठाकरे काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या साथीनं मुख्यमंत्री झालेले दिसले. ज्यांनी काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीला मत दिलं, त्यांनी २३ नोव्हेंबरला सकाळी टीव्ही लावला, तर अजित पवार देवेंद्र फडणवीसांच्या शेजारी शपथ घेत होते. पुढे जून २०२२मध्ये एकनाथ शिंदेंच्या बंडानं शिवसेना फुटली, जुलै २०२३मध्ये अजित पवारांच्या बंडानं राष्ट्रवादी. त्या एका विधानसभेत तीन मुख्यमंत्री झाले आणि मतदाराला मधे कुणी विचारलं नाही. त्यामुळे ‘पक्ष बघू की माणूस’ हा जुना प्रश्न आता वेगळ्या वजनानं समोर आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. विधानसभेला आधी उमेदवार पाहावा. पण पक्ष बाजूला ठेवून तो पाहता येत नाही, कारण दोन्हींतून मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पक्षाला दिलेलं मत

सभागृहात आमदाराला स्वतःचं मन फारसं नसतं. १९८५ला राज्यघटनेत पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं, तेव्हापासून व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षादेश, मोडला तर आमदारकी जाऊ शकते. अर्थसंकल्प, विधेयक, विश्वासदर्शक ठराव या सगळ्यांत हात वर होतो तो पक्षाचा. तुमचा आमदार कितीही अभ्यासू असला तरी २८८ जणांच्या सभागृहात १४५चा आकडा कोण गाठतं, यावर धोरण ठरतं. २०२४ला महायुतीनं (भाजप, शिंदेंची शिवसेना, अजित पवारांची राष्ट्रवादी) लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये २१०० करायचं म्हटलं, महाविकास आघाडीनं (काँग्रेस, ठाकरेंची शिवसेना, शरद पवारांची राष्ट्रवादी) महिलांना महिना ३००० देऊ म्हटलं. हे काम एकट्या आमदाराच्या हातचं नाही. तुमच्या घरावर परिणाम करणारा प्रश्न शेतमालाच्या भावाचा, भरतीचा किंवा आरक्षणाचा असेल, तर पक्ष आणि त्याची आघाडी हाच तुमचा खरा निर्णय आहे.

पण पक्षाच्या मताची किंमत जागावाटपावर फार अवलंबून असते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०२४च्या विधानसभेत शरद पवारांच्या राष्ट्रवादीनं ८६ जागा लढवल्या. त्यांना ११.२८ टक्के मतं पडली आणि आमदार आले १०. अजित पवारांच्या राष्ट्रवादीनं ५९ लढवल्या, मतं ९.०१ टक्के, आमदार ४१. काँग्रेस आणि शिंदेंची शिवसेना मतांत जवळजवळ बरोबरीत, दोघेही साडेबारा टक्क्यांच्या आत-बाहेर, पण जागा १६ आणि ५७. जास्त मतं म्हणजे जास्त आमदार, असं आपल्या पद्धतीत नसतं. कुणासमोर कोण उभं आहे आणि मित्रपक्षाची मतं खरोखर वळतात का, यावर निकाल फिरतो.

आणि तो किती लवकर फिरतो! जून २०२४ला लोकसभेत महाविकास आघाडीच्या ४८पैकी ३० जागा, महायुतीच्या १७. पाच-सहा महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, तीच आघाडी २८८पैकी ४६वर थांबली आणि महायुती २३०वर गेली. एकट्या भाजपला लोकसभेला ९ जागा होत्या, विधानसभेला १३२. लोकसभेचं लीड बघून ‘आपल्याकडे वारं अमुकचं आहे’ म्हणत मत ठरवणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत.

उमेदवाराला दिलेलं मत

सांगोल्याचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख तिथून ११ वेळा निवडून आले. राज्यात शेकाप आकसत गेला, इंदिरा लाट आली, युतीची लाट आली, मोदी लाट आली, तरी सांगोल्यानं २०१४ला पुन्हा त्यांनाच पाठवलं. ते बहुतेक काळ विरोधी बाकावर होते. तरी दुष्काळी तालुक्याच्या पाण्यासाठी सभागृहात सतत बोलत राहिले, सहकारी सूतगिरणी उभी केली, चालवून दाखवली. म्हणजे सत्तेबाहेरचा आमदार निरुपयोगी, हे सरसकट खरं नाही.

२०१९ला ते उभे राहिले नाहीत. त्यांचा नातू अगदी थोड्या मतांनी हरला आणि शिवसेनेचे शहाजी पाटील आले. २०२२ला ते शिंदेंबरोबर गुवाहाटीला गेले आणि तिथल्या फोनवरच्या ‘काय झाडी, काय डोंगर’नं महाराष्ट्रभर गाजले. २०२४ला राज्यात महायुतीची एवढी मोठी लाट असताना सांगोल्यात ते पडले आणि शेकापचे बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचेच दुसरे नातू, आमदार झाले. घराणं हा मुद्दा इथेही आहेच, तो मी लपवत नाही. पण राज्याची लाट तालुक्याच्या वेशीवर अडवता येते, हेही इथे दिसतं.

उमेदवाराचं वजन सभागृहाबाहेर जास्त कळतं. तहसीलदार फोन उचलतो का, जिल्हा नियोजन समितीत तुमच्या रस्त्याचं नाव कोण घालतं, कालव्याच्या आवर्तनाला कोण भांडतं, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नसेल तर कोण जाऊन बसतं. ही कामं चिन्ह करत नाही. मर्यादाही सांगायला हवी: निधीची चावी पालकमंत्र्याकडे असते आणि विरोधी आमदाराला ती सहज मिळत नाही. सगळ्यांना गणपतरावांसारखी चिकाटी नसते.

पक्ष बदलणाऱ्याचं काय?

इथे दोन निवडणुका दोन उत्तरं देतात. २०१९च्या आधी काँग्रेस-राष्ट्रवादीतून सत्तेकडे रीघ लागली होती. त्यातले हर्षवर्धन पाटील इंदापुरात, वैभव पिचड अकोल्यात (अहमदनगरच्या), जयदत्त क्षीरसागर बीडमध्ये, दिलीप सोपल बार्शीत पडले. साताऱ्यात उदयनराजे लोकसभेची पोटनिवडणूक हरले. राधाकृष्ण विखे पाटलांसारखे काही तरलेही, पण एकूण मतदारानं नाराजी स्पष्ट दाखवली. २०२४ला मात्र शिंदेंबरोबर गेलेले बहुतेक आमदार परत निवडून आले.

मला यातला फरक असा दिसतो. २०१९ला जे गेले ते एकेकटे गेले, जुनं चिन्ह मागे ठेवून. २०२२ला गट गेला, आणि निवडणूक आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण त्याच गटाला दिला. राष्ट्रवादीचं घड्याळही ६ फेब्रुवारी २०२४ला अजित पवारांकडे गेलं. गावाकडच्या म्हाताऱ्या मतदाराच्या बोटाला जे बटण सवयीचं होतं, ते तिथेच राहिलं. चिन्ह हेच एकमेव कारण होतं असं मी म्हणत नाही. लोकसभेला शरद पवारांनी नव्या तुतारीवर १०पैकी ८ जागा जिंकल्याच होत्या. लाडकी बहीण आणि सत्तेचा जोरही त्यात आहे.

कायद्यावर मात्र विसंबू नका. एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता टळायची, ती सवलत २००३च्या घटनादुरुस्तीनं काढली, तरी फूट थांबली नाही. ११ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं व्हिप काढणारा प्रतोद राजकीय पक्षच नेमतो असं स्पष्ट केलं आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोडला. १० जानेवारी २०२४ला अध्यक्षांनी शिंदे गटाला खरी शिवसेना ठरवलं आणि दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र केलं नाही. मतदारानं दिलेला कौल सांभाळायला आज कायदा पुरत नाही, आणि याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणूनच मी उमेदवाराला आधी ठेवतो: तो कुठे जाईल याचा अंदाज त्याच्या आधीच्या वागण्यावरूनच बांधता येतो.

अपक्षाचा पर्याय

१९९५ला ४५ अपक्ष निवडून आले होते. शिवसेना-भाजपचे मिळून १३८ होते, त्यामुळे त्या अपक्षांना सरकारात मोठा भाव आला. २०२४ला अपक्ष आले २, आणि सरकारला त्यांची गरजच नव्हती. अपक्षाला मत द्यायचं तर त्रिशंकू विधानसभेची, म्हणजे कुणालाच बहुमत न मिळण्याची शक्यता किती आहे हे पाहा, आणि तो कुणाचा बंडखोर आहे हेही. बंडखोर सहसा निवडून आल्यावर मूळ घरी जातो. सांगलीत विशाल पाटील लोकसभेला अपक्ष जिंकले आणि काँग्रेसलाच पाठिंबा देऊन मोकळे झाले.

मग ठरवायचं कसं

तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न मंत्रालयात सुटणारा असेल तर आघाडी बघून मत द्या. मग उमेदवार कमी आवडता असला तरी चालवून घ्या, फक्त तो गंभीर गुन्ह्यातला नसावा. प्रश्न तालुक्यातला असेल तर माणूस बघा. दोन्ही सारखेच जड वाटत असतील तर उमेदवारांची शपथपत्रं उघडा. अर्जासोबतचा नमुना २६ आयोगाच्या संकेतस्थळावर असतो: गुन्हे, मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, शिक्षण. या वेळचं आणि पाच वर्षांपूर्वीचं शपथपत्र शेजारी ठेवून वाचा. भाषणांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

दोन्ही प्रमुख उमेदवार पक्ष बदलून आलेले असतील तर कोण कधी गेला ते बघा. निवडणुकीआधी राजीनामा देऊन, नव्या चिन्हावर तुमच्यासमोर आलेला माणूस आणि निवडून आल्यावर मधेच निघून गेलेला माणूस, यांत मी पहिल्याला नेहमी वरचढ मानतो. पहिल्यानं तुम्हाला निवडायची संधी तरी दिली. ‘नोटा’ २०१३पासून उपलब्ध आहे, पण नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी विधानसभेला उमेदवारांतला पहिलाच विजयी होतो. राग नोंदवायला ते बटण ठीक आहे. कुणाला पाडायचं असेल तर मत दुसऱ्या उमेदवारालाच द्यावं लागेल.