आयपॉड क्लासिक, आठ महिने वापरून: गाणी कशी गेली अन् किती परत आली

सेकंडहँड घेतलेला 160 जीबीचा आयपॉड क्लासिक, म्हणजे ॲपलचा खिशात मावणारा गाणी ऐकायचा प्लेअर. सप्टेंबरपासून रोज वापरून राहिलो. मॉडेल 2009 चं, अन् क्लासिक बनवणंच 2014 मध्ये बंद झालं, म्हणजे आज कोणालाही घ्यायचा तर जुनाच मिळणार. आवाज छान आहे, चाक तर एक नंबर, नागपूरच्या मेट्रोत लोकमान्य नगर ते बर्डी उभं राहून खिशातल्या खिशात न बघता आवाज कमीजास्त होतो. बॅटरी नवीन असताना 36 तास सांगायचे, मला दोन दिवस ऑफिसला जाण्यायेण्यापुरती पुरते, तक्रार नाही. कागदावर लिहिलंय 35 डिग्रीपर्यंतच वापरा. वा भाऊ, म्हणजे नागपुरात मार्च ते जून कपाटातच ठेवायचा का?

पण हे लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

बाबांचं काटोलकडे खंजिरी भजनाचं मंडळ होतं, त्यांच्या तेवीस कॅसेट घरात पडून होत्या. त्या मी टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर लावून एकेक भरून घेतल्या, अन् ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे की साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात. सगळं एमपीथ्री करून आयपॉडमध्ये टाकलं. दिवाळीच्या आधी लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. मी निवांत, म्हटलं आयपॉडमध्ये आहे ना सगळं. त्याच दिवाळीच्या साफसफाईत आईने कॅसेट भंगारवाल्याला दिल्या, मला विचारून दिल्या, मीच हो म्हटलं.

भाऊबीजेला ताईकडे गेलो, भाच्याच्या लॅपटॉपवर आयट्यून्स, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी टाकायचं ॲपलचं सॉफ्टवेअर होतं, त्याच्याकडची चार नवीन गाणी घ्यावी म्हणून केबल लावली. स्क्रीनवर एक चौकट आली, की हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून या लायब्ररीतलं टाकायचं का. मी म्हटलं थांब रे, वाचू दे. तो म्हणे, "मामा, होऊन जाते ना, टेन्शन काहून घेता." अन् खरं सांगायचं तर बटण मीच दाबलं, अनारसे समोर आले होते. दहा मिनिटांनी बघतो तर बाबांचं मंडळ गायब, अन् भाच्याचं रॅप सगळ्या यादीत.

चूक काय झाली हे मला नंतर कळलं. आपण समजतो आयपॉड म्हणजे गाण्यांचं कपाट. तो स्वतःला आरसा समजतो. खरी लायब्ररी, म्हणजे गाण्यांचा साठा, कॉम्प्युटरवर, आयपॉडमध्ये फक्त तिचं प्रतिबिंब, अन् ऑटोमॅटिक सिंकला, म्हणजे गाणी आपोआप जुळवून घ्यायला, तो एका वेळी एकाच लायब्ररीचा. आरसा दुसऱ्यासमोर धरला की त्याचंच तोंड दिसणार. आयट्यून्समध्ये गाणी हाताने टाकण्या-काढण्याची एक टिक असते, ती आधीच केली असती तर चार गाणी चुपचाप आत गेली असती.

परत मिळवायचं म्हणाल तर एक गोष्ट मी नशिबाने बरोबर केली, त्यानंतर त्यात एकही नवीन फाईल टाकली नाही. क्लासिकमध्ये फिरणारी छोटी हार्ड डिस्क असते, पुसलं तरी त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मूळ डेटा तिथंच पडून असतो. भाच्याची गाणी जितक्या जागेवर बसली तितकं गेलं, ते गेलंच. बर्डीत एका दुकानात विचारलं, त्याने आकडा सांगितला तो ऐकून मी चहा पिऊन परत आलो. मग घरीच फोटोरेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. नाव फोटोचं आहे पण गाणीपण काढते. रात्री लावलं, सकाळपर्यंत चालूच, अन् निघालेल्या फाईल कॉपी करायच्या त्या दुसऱ्याच डिस्कवर, आयपॉडवर अजिबात नाही.

निघाल्या खूप. पण नावं सगळी गेलेली, एफ अन् पुढे लांबलचक नंबर. तसंही आयपॉड फाईलचं मूळ नाव ठेवतच नाही, आत लपलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरांचं काहीतरी नाव देऊन ठेवतो, आपल्याला स्क्रीनवर नाव दिसते ते टॅगमधून, म्हणजे फाईलच्या आतच लिहिलेल्या गाण्याच्या, गायकाच्या नावातून. सिनेमाच्या गाण्यांना टॅग होते म्हणून ती एका तासात लागली. बाबांच्या कॅसेटला मी आळशीपणाने टॅग टाकलेच नव्हते, झालं, बसा आता ऐकत. रोज रात्री जेवण झाल्यावर आई अन् मी दोन-तीन फाईल लावायचो, ती आवाजावरून सांगायची की हे कार्तिकातलं, हे अमुक काकांच्या घरचं, यात मागे कुत्रं भुंकते ते आपलं. तेवीसपैकी एकोणीस कॅसेट पूर्ण मिळाल्या, दोन अर्ध्या तुटक्या, दोन नाही.

आता त्यात रॉकबॉक्स टाकलंय, आयपॉडच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालणारं दुसरं फुकटचं सॉफ्टवेअर. आयट्यून्सची गरजच नाही, पेनड्राइव्हसारखं फोल्डर ओढून टाकायचं, कोणाच्याही लॅपटॉपवर लावा, विचारत नाही. फ्लॅकपण (आवाजाची काटछाट न करणारी फाईल) वाजते, जे मूळ सॉफ्टवेअरमध्ये वाजत नव्हतं. दिसायला जरा ओबडधोबड आहे, मेनू इतके की पहिला आठवडा मी सेटिंगमध्येच हरवलो होतो, पण मी तरी मागे जाणार नाही.

भजनांची एक कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर, एक ताईकडे. घ्यायचा का म्हणाल तर घ्या, फक्त डिस्क जुनी असणार, आधी कानाला लावून ऐका, खट् खट् येत असेल तर पैसे देऊ नका. माझ्या आयपॉडमधून परवापासून हलका आवाज येऊन राहिला. डिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसवून देणारा एक जण भेटलाय, पाऊस सुरू झाला की देतो त्याच्याकडे.